थांबण्याचे तीन ठोके

सप्टेंबर लागला की सांता रोसा गावाच्या अंगात बँड येतो. बेकरीवाला कणीक मळता मळता ताल धरतो, शिक्षक फळ्यावर खडू आपटतात तोसुद्धा मात्रेत, आणि टोमॅटो घ्यायला गेलं तरी भाजीवाली आधी विचारते, यंदा कुणाच्या शाळेचा बँड भारी. पंधरा तारखेला स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक. त्या दिवशी जो बँड फसला त्याची टिंगल पुढचा सप्टेंबर येईपर्यंत चालते.

दिल्सियाला विचारलं असतं तर तिने बेधडक सांगितलं असतं की भारी बँड तिच्याच शाळेचा, आणि त्याला दोन कारणं आहेत. एक कारण ती स्वतः. सोळाव्या वर्षी साइड ड्रमच्या रांगेत सगळ्यात पुढे. तिच्या टिपऱ्या जिथे पडतील तिथेच बाकीच्यांच्या पडणार. मागच्या वर्षापर्यंत ती शेवटच्या रांगेत मान खाली घालून वाजवायची. आता तिची मान खाली जाईना, आणि आई म्हणायची, कार्टी जेवतानासुद्धा ताटावर बडवते.

दुसरं कारण तिची मोठी बहीण नोल्विया. काठीवाल्यांची म्होरकी. काठीवाल्या म्हणजे बँडच्या पुढे चालणाऱ्या मुली: पांढरा शुभ्र गणवेश, पांढरे हातमोजे, गुडघ्यापर्यंत पांढरे बूट, आणि हातात चकचकीत काठी. ती बोटांवर फिरवायची, आभाळात भिरकवायची आणि जणू लक्षच नाही अशा थाटात झेलायची. त्यांच्या शाळेत म्होरकीला एक खास मान होता. नगरपालिकेसमोरच्या चौकात बँड थांबायचा, चार दांडगी मुलं सगळ्यात मोठा ढोल आडवा धरायची, म्होरकी त्यावर उभी राहायची, आणि मुलं ढोल थेट खांद्यावर उचलायची. तिथून ती काठी फेकायची. वर आभाळ, खाली दगडी फरशी.

आणि ढोल उचलायचा कधी? साइड ड्रमच्या पुढच्या गड्याने कडकडाट सुरू केला की. तोवर मुलं ढोल तसूभर हलवणार नाहीत, हा नियम. म्हणजे यंदा नोल्वियाला आभाळात चढवणार होती दिल्सिया. हे दोघींच्या लक्षात आलं त्या दिवशी त्यांनी पलंगावर इतक्या उड्या मारल्या की एक फळी मोडली. आईने ती विटांवर टेकवून ठेवली आणि दोघींना मिरवणूक संपेपर्यंत त्या बाजूला झोपायची शिक्षा दिली.

फक्त एक गोष्ट शाळेत कुणाला ठाऊक नव्हती. नोल्वियाला फिट्स यायच्या. म्हणजे लहानपणी यायच्या. पहिली आली भर बाजारात, आणि त्यानंतर वर्गातल्या मुली तिच्या पेल्यातून पाणी प्यायनाशा झाल्या. आईने तिची शाळा बदलली आणि घरात ताकीद दिली की हे बाहेर बोलायचं नाही. सान पेद्रो शहरातल्या डॉक्टरांनी लॅमोट्रिजिनच्या गोळ्या चालू केल्या, सकाळ-संध्याकाळ, आई कॉफीच्या कपाशेजारीच ठेवायची. चार वर्षांत एकही फिट नाही. गोळी हा कॉफीचाच भाग झाला होता.

नोल्वियाची फिट दोन तऱ्हेची असे. एक सगळ्या जगाला दिसणारी, पडणं, झटके, सगळं. दुसरी फक्त घरच्यांना कळणारी. त्यात ती पडायची नाही. बोलता बोलता थांबायची, समोर बघत राहायची, तोंड काहीतरी चघळल्यासारखं हलायचं, बोटं कपड्याशी चाळा करायची. हाक मारली तरी ओ नाही. थोड्या वेळाने परत यायची आणि तिला यातलं काही आठवायचं नाही. दिल्सिया तेव्हा पाच-सहा वर्षांची. ती म्हणायची, ताई खिडकीत गेली. घरात तोच शब्द रूढ झाला.

मिरवणूक आठवड्यावर आली असताना मैदानावर सराव चालू होता. दिल्सियाने वळण्याचा इशारा वाजवला. सगळ्या काठीवाल्या वळल्या, नोल्विया वळली नाही. सरळ चालत गेली, पाच-सहा पावलं, मग उभी राहिली. मुलं हसली. बँडचे ओरेल्यो मास्तर ओरडले की म्होरकीबाई प्रेमात पडल्या असतील तर त्यांनी पंधरा तारखेनंतर पडावं. नोल्विया गर्रकन वळली, तिने जीभ दाखवली आणि सगळं पुढे सुरू झालं.

दिल्सिया हसली नाही. तिला बहिणीची पाठ दिसली होती आणि उजवा हात. हाताची बोटं कमरेच्या फितीशी चाळा करत होती.

घरी जाताना तिने विचारलं. नोल्विया म्हणाली की ती मनात पावलं मोजत होती. मग म्हणाली, तू ड्रम बघ, माझी बोटं बघू नकोस. हे इतकं तिच्यासारखं होतं की दिल्सियाला बरं वाटलं. चार-पाच दिवस बरं वाटलं.

तेरा तारखेच्या दुपारी नोल्विया गणवेशाला इस्त्री करत होती आणि काठीवाल्यांपैकी कोणाचे गुडघे कसे वाकडे आहेत ते रंगवून सांगत होती. दिल्सिया खाटेवर पालथी पडून फिदीफिदी हसत होती. गोष्ट मध्येच थांबली. दिल्सियाला वाटलं, पुढे भारी काही येणार. मग जळका वास आला.

इस्त्री कापडावर तशीच टेकलेली. नोल्वियाचे डोळे भिंतीवर. ओठ हलत होते, आत काही नसताना चघळल्यासारखे. डावा हात ब्लाउजचं बटण चाचपत होता, सोडत होता, परत चाचपत होता.

दिल्सियाने इस्त्री तिच्या हातातून काढून बाजूला ठेवली. हाक मारली नाही, मारून उपयोग नसतो हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. नुसती जवळ उभी राहिली, बहिणीचा हात गरम इस्त्रीकडे जाऊ नये म्हणून.

नोल्विया परत आली. तिने आधी दिल्सियाकडे बघितलं, मग करपलेल्या घडीकडे.

"माझी इस्त्री तू कशाला उचललीस?"

"तू खिडकीत गेली होतीस."

करपलेला डाग आतल्या बाजूला जाईल अशी घडी नोल्वियाने घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मग शांतपणे म्हणाली की ती दमली आहे, सगळ्याच मुली दमल्या आहेत, आणि दिल्सियाने आईच्या कानावर हे घातलं तर ती तिच्याशी मरेपर्यंत बोलणार नाही.

दिल्सिया गोळ्यांचं पाकीट बघून आली. एकही चुकलेली नव्हती. मग झालं काय? चार वर्षं जी गोळी चालत होती ती आताच का चालेना?

उत्तर दुसऱ्या दिवशी सापडलं, आणि तेही कुठे, तर कपडे बदलायच्या खोलीत. शेवटचा सराव उरकून काठीवाल्या बूट काढत होत्या. कोणाच्या तरी पोटात कळ आली, आणि यारेली नावाची ठेंगणी मुलगी तिला म्हणाली की तुझीच चूक, आमच्यासारख्या सप्टेंबरच्या गोळ्या घेतल्या असत्यास तर सुटली असतीस. सगळ्या हसल्या. दिल्सियाने विचारलं, कसल्या गोळ्या. तिच्याकडे सगळ्यांनी कीव करून बघितलं. ड्रमवाल्यांची पॅंट काळी असते, त्यांना काय कळणार.

पांढरा गणवेश, दिवसभराची मिरवणूक आणि गावभरचे डोळे. त्यात पाळी आली तर? म्हणून काठीवाल्यांची जुनीच रीत होती. जुलै संपता संपता कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणायच्या आणि मध्ये खंड न पाडता पाकिटामागून पाकीट घेत राहायचं, पंधरा तारीख उलटेपर्यंत. मोठ्या मुली धाकट्यांना सांगायच्या, धाकट्या मोठ्या झाल्या की त्या पुढच्यांना सांगायच्या. घरी अर्थातच कोणी बोलायचं नाही. गर्भनिरोधक गोळी पोरीच्या दप्तरात सापडली तर कुठली आई पाळीचं कारण ऐकून घेणार?

"ताईपण घेते?"

यारेली म्हणाली, घेते म्हणजे काय, या वर्षी सगळ्यांसाठी तीच तर आणून देते. म्होरकी आहे ना.

दिल्सिया ड्रम गळ्यात तसाच ठेवून पळत सुटली. सान पेद्रोच्या डॉक्टरांचं एक वाक्य आई इतक्या वेळा म्हणायची की घरात त्याची नक्कल व्हायची: नवी गोळी कुठलीही असो, सर्दीची का असेना, आधी मला विचारायची. नोल्विया त्या वाक्यावर डॉक्टरांचा आवाज काढायची आणि दिल्सिया चष्मा सावरायची.

औषधाच्या दुकानात इल्सा बाई होत्या. दुकानात गर्दी, मिरवणुकीसाठी टाचांना लावायच्या पट्ट्या घ्यायला अर्धं गाव आलेलं. दिल्सियाने काउंटरवर ओणवं होऊन हळूच विचारलं की लॅमोट्रिजिन घेणाऱ्या बाईने काठीवाल्यांच्या त्या गोळ्या घेतल्या तर चालतं का. इल्सा बाईंनी पट्टीचे सुटे पैसे देता देता सहज विचारलं की लॅमोट्रिजिन कोण घेतं. दिल्सियाने गळ्यातला ड्रम सावरला. इल्सा बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं, मग तिच्या ड्रमकडे, आणि त्यांचा हात गल्ल्यातच थांबला.

त्यांनी तिला आत नेलं. तिथे त्या भराभर बोलल्या. या गोळ्यांमध्ये जे इस्ट्रोजेन असतं त्याने शरीर लॅमोट्रिजिन फार लवकर बाहेर टाकतं. गोळी रोज घेतली तरी रक्तात निम्मीसुद्धा उरत नाही कधीकधी. म्हणजे फिट्स परत येऊ शकतात, आधी बारीक, मग मोठ्या. "तिने मला सांगितलंच नाही गं," त्या म्हणाल्या. "मी दरवेळी विचारते, दुसरं औषध चालू आहे का. ती हसून नाही म्हणते." मग त्यांनी बजावलं की दोन्हीपैकी काहीही आपल्या मनाने बंद करायचं नाही. लॅमोट्रिजिन तर मुळीच नाही, डोसही आपण वाढवायचा नाही. आईला सांग, डॉक्टरांना फोन करा. आणि तोवर उंचावर चढायचं नाही, विस्तवाजवळ एकटीने उभं राहायचं नाही.

उंचावर. दिल्सियाच्या डोळ्यांपुढे ढोल आला.

आई पार्काच्या कोपऱ्यावर गाडी लावून बालेआदा विकायची, मैद्याच्या जाड पोळीत वाटलेल्या घेवड्याचं सारण आणि वर साय. तिकडे निघालेली दिल्सिया वाटेतच अडली. नोल्विया समोर उभी होती. यारेलीने तिला सांगितलं असणार.

नोल्विया भांडली असती तर सोपं गेलं असतं. ती भांडली नाही. तिने दिल्सियाच्या गळ्यातला ड्रम उतरवून आपल्या गळ्यात घेतला, धाकटीला जड होत असेल म्हणून, आणि बरोबर चालायला लागली. चालता चालता म्हणाली की हे तिचं शेवटचं वर्ष आहे. आईला कळलं तर आई मास्तरांना सांगणार, मास्तर तिला काढणार, आणि उद्या अख्खं गाव विचारणार की म्होरकी कुठे. मग पुन्हा तो पेला. आता तर पेल्यातून पाणी न पिणाऱ्या शंभर जणी असतील.

"एक दिवस दे मला, दिल्सू. परवा मी स्वतः सांगते आईला. गोळ्यांचंसुद्धा."

"ढोलावर चढणार नाहीस?"

"नाही चढत. जमिनीवरूनच फेकेन. मास्तरांना सांगते पाय मुरगळलाय."

"शपथ?"

नोल्वियाने शपथ घेतली. दिल्सियाने ऐकलं. बहिणीच्या गळ्यात स्वतःचा ड्रम बघून तिला नाही म्हणवलं नाही.

पंधरा तारखेला धुकं लवकर विरलं आणि ऊन असं पडलं की पितळी तुताऱ्यांकडे बघवेना. गाव रस्त्यांच्या दोन्ही कडांना चिकटून उभं होतं, पोरं बापांच्या खांद्यांवर, म्हाताऱ्या खिडक्यांमध्ये. त्यांचा बँड उतारावरून खाली आला तेव्हा अशा काही शिट्ट्या पडल्या की दिल्सिया क्षणभर सगळं विसरली. खरंच विसरली. टिपऱ्या आपोआप पडत होत्या, मागून ढोल छातीत घुमत होता, आणि पुढे नोल्विया काठी फिरवत अशी चालली होती की फरशीलाही मान वाटावा. वळणावर तिने काठी फेकली, झेलली. पुन्हा फेकली, झेलली. काही होणार नाही, दिल्सियाला वाटलं. उगीच घाबरले.

चौक आला. बँड थांबला. नोल्विया जागेवरून फेकणार म्हणून दिल्सियाने टिपऱ्या सावरल्या, आणि तिला चार मुलं ढोल घेऊन पुढे येताना दिसली. त्यांनी तो आडवा धरला. नोल्वियाने मागे वळून बघितलं नाही. एका मुलाच्या खांद्यावर हात टेकला आणि ती ढोलावर चढली, टुणकन, मुरगळलेला पाय वगैरे काही नाही. हात पसरून उभी राहिली. चौकाने श्वास रोखला.

आता कडकडाट.

दिल्सियाच्या टिपऱ्या हवेत होत्या. मागची सगळी रांग त्या टिपऱ्यांकडे बघत होती. ओरेल्यो मास्तरांनी हात खाली आणला, वाजव. तिने वाजवलं नाही. त्यांनी पुन्हा हात केला, या वेळी डोळे वटारून. चौकात कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, पोरगी विसरली वाटतं.

नोल्वियाने मान वळवली आणि बहिणीकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं: वाजव, दिल्सू, वाजव, तुला हात जोडते, वाजव नाहीतर बघ. दिल्सियाने ती नजर झेलली. आपण हिचं वाटोळं करतोय असं तिला वाटलं, तिचे हात लटपटायला लागले, आणि टिपऱ्या चामड्याला टेकणार तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की त्या नजरेतला राग निघून गेलाय. आत्तापर्यंत रागाने बघत होती ती आता नुसतीच बघत होती. आणि हातमोज्यातली बोटं कमरेची फीत चाचपत होती.

दिल्सियाने थांबण्याचे तीन ठोके दिले. एक, एक, एक. सबंध बँडला ठाऊक असलेला इशारा: आहे तिथे, आहे तसं, सगळं खाली ठेवा.

"ढोल खाली," ती ओरडली. "तिला धरा."

मुलांना बिचाऱ्यांना तालमीची सवय झालेली. ठोका ऐकला आणि ढोल खाली गेला. तो फरशीला टेकतो न टेकतो तोच नोल्वियाचं अंग ताठ झालं. ती दोन मुलांच्या हातांवर आडवी आली, काठी खणखणत घरंगळत गेली, आणि मग झटके सुरू झाले.

चौक अंगावर आला. कोणी म्हणालं ऊन लागलं, कोणी म्हणालं उपाशी असेल, एक बाई दातांत घालायला चमचा घेऊन धावली, दुसऱ्याने स्पिरिटचा बोळा आणला. दिल्सियाने ड्रम भिरकावून दिला होता. ती बहिणीच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसली होती, डोक्याखाली आपलं जाकीट सारलं होतं, आणि आयुष्यात कधी काढला नव्हता असा आवाज तिने काढला. तोंडात काही घालायचं नाही. हातपाय दाबायचे नाहीत. मागे सरका. मास्तर, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेलं किंवा लागोपाठ दुसरी आली तर जीव धोक्यात आहे, आणि अँब्युलन्स आत्ताच बोलवा. ओरेल्यो मास्तरांनी आयुष्यभर पोरांना हुकूम दिले होते. त्यांनी निमूट घड्याळ बघितलं.

झटके थांबले. दिल्सियाने तिला कुशीवर वळवलं, लाळ वाहून जाईल अशी. पांढरा गणवेश ओला झाला होता. दिल्सियाने स्वतःचा शर्ट सोडून बहिणीच्या कमरेवर टाकला आणि आतल्या बनियनवर, गावभराच्या डोळ्यांसमोर, तशीच बसून राहिली. गर्दी फाडत आई आली तेव्हा तिच्या हातांना अजून पीठ होतं.

"आई, ती पाळीच्या गोळ्या घेत होती," दिल्सिया म्हणाली. "मला कालपासून माहीत होतं."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. दोन्ही गोळ्यांची नावं दिल्सियाने सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हे तिला कुठून कळलं ते विचारलं. रक्त काढलं. सान पेद्रोला फोन झाला. इस्ट्रोजेनच्या गोळ्या बंद, पण त्या बंद केल्यावर लॅमोट्रिजिन रक्तात पुन्हा वाढणार, म्हणून काही दिवस नजर ठेवायची, आणि पाळीसाठी काही हवंच असेल तर दुसरे उपाय आहेत, ते विचारून घ्यायचे. आई सगळं ऐकत होती. गोळ्यांवरून ती ओरडेल म्हणून दोघी वाट बघत होत्या. ती एवढंच म्हणाली की बोलायचं नाही हे तिनेच शिकवलं होतं, तर पोरी कशाला बोलतील.

नोल्विया दिल्सियाशी बोलली नाही. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही. घरी आणल्यावर ती मोडक्या फळीच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. यारेली आणि काठीवाल्या आल्या, अवघडून बसल्या, आपापल्या पाकिटांवरची नावं इल्सा बाईंना दाखवून आल्याचं त्यांनी सांगितलं. त्यातल्या एकीला अर्धशिशीचा त्रास होता, तिलाही या गोळ्या नकोत असं बाई म्हणाल्या. कोणीतरी मिठाई आणली होती. जाताना यारेलीला तहान लागली. पलंगाशेजारी नोल्वियाचा अर्धा प्यालेला पेला होता. यारेलीने तो उचलला, घटाघटा संपवला आणि पाणी कोमट आहे म्हणून कुरकुर केली. नोल्वियाने मान वळवून ते बघितलं.

मुली गेल्यावर दिल्सिया पलंगाच्या कडेला ताल धरून बसली होती, नकळत, बोटांनीच. पाठमोऱ्या नोल्वियाने तोंड उघडलं.

"शपथ मी मोडली."

"हो."

"आणि तू अख्ख्या गावासमोर माझा कडकडाट खाल्लास."

"हो."

नोल्विया या कुशीवर वळली. गालावर फरशीने खरचटलेलं होतं. तिने दिल्सियाच्या बोटांकडे बघितलं आणि नाक मुरडलं.

"तुझा तिसरा ठोका उशिरा पडला. कसं कोण जाणे, पण तेवढं मला ऐकू आलं होतं. रांगेत पुढे उभी राहतेस आणि साधे तीन ठोके मात्रेत देता येत नाहीत?"

दिल्सिया म्हणाली की हात थरथरत होते.

"मग सराव कर," नोल्विया म्हणाली. "पुढच्या वेळी मी खिडकीत गेले तर वेळेवर दे." आणि तिने सरकून मोडक्या फळीवर धाकटीला जागा करून दिली.